गणितवाल्याने फिजिक्सवाल्यांबरोबर काम करावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: तुम्ही भूमितीत पीएचडी करताय, दुसरं वर्ष चालू आहे. गाईडनी सुचवलं म्हणून शेजारच्या इमारतीतल्या थिअरीवाल्या फिजिक्स गटाच्या तीन बैठकांना जाऊन आलात. तिसऱ्या बैठकीत एकाने फळ्यावर अनंत मितींच्या अवकाशावरचं एक इंटिग्रल लिहिलं, दोन ओळींत त्यातून पूर्णांक काढला आणि खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हे इंटिग्रल मुळात अस्तित्वात आहे का, असं तुम्ही विचारलंत, तर उत्तर आलं, ‘फिजिकली ऑब्व्हियस आहे.’ आता तुम्हाला तीन शंका आहेत. हे गणित म्हणायचं का? आपण त्यांच्या अंदाजांना सिद्धता जोडून देणारे कारकून होऊ का? आणि पेपर निघाला तर तो कोणाचा?

आधी माझ्याविषयी, म्हणजे सल्ला किती वजनाने घ्यायचा ते ठरवता येईल. मी तीसेक वर्षं व्हेक्टर बंडल्सवर (अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला एकेक व्हेक्टर स्पेस जोडून होणाऱ्या रचनांवर) काम केलं, त्यातली निम्मी कोणा ना कोणा भौतिकशास्त्रज्ञाबरोबर. सहा पेपर झाले. दोन प्रकल्प अर्ध्यात बुडाले, त्यातल्या एका सहकाऱ्याशी दीडेक वर्ष बोलणं बंद होतं. आता निवृत्त आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या इथे बसून मला ठरवता येणार नाहीत. गाईडना स्वतःला त्या विषयात रस आहे की तुम्हाला कुठेतरी गुंतवायचं म्हणून त्यांनी सुचवलं? त्या गटात असा एक तरी माणूस आहे का, जो ‘ऑब्व्हियस’ म्हणून सोडून न देता तासभर फळ्याशी उभा राहील? फेलोशिपची किती वर्षं उरलीत? तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस हातात काहीच नसेल अशी भीती असेल, तर एक सरळ, फक्त गणिताचा प्रश्न समांतर चालू ठेवा. हे सोडून बाकीचं बोलते.

माझ्या मते तुमची खरी अडचण काटेकोरपणाची नाही. ते बोलतात त्या शब्दांचा अर्थ तुम्हाला माहीत नाही, तुमच्या शब्दांचा त्यांना माहीत नाही, आणि हे मोकळेपणाने म्हणायला कोणी तयार नाही. इथेच घोडं पेंड खातं. ‘अस्तित्वात आहे का?’ हा प्रश्न तुम्ही व्याख्येविषयी विचारलात. त्यांना तो ‘तुमचं उत्तर चुकीचं आहे’ असा ऐकू आला.

पहिली शंका घेऊ. ज्या इंटिग्रलला व्याख्याच नाही त्यातून आलेल्या संख्येवर विश्वास का ठेवायचा? तर ठेवू नका. ती तपासा. एक उदाहरण देते, ते मी दर वर्षी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी करायला लावत असे, आणि त्याला अकरावीच्या साइनच्या तक्त्यापेक्षा जास्त काही लागत नाही.

दोन भोकांचा पृष्ठभाग घ्या. दोन मेदूवडे एकमेकांना चिकटवले की बाहेरून जो दिसतो तो. त्याला रीमान पृष्ठभाग माना आणि त्यावरची रँक २ ची, ट्रिव्हियल डिटर्मिनंटवाली सेमीस्टेबल व्हेक्टर बंडल्स गोळा करा. त्या सगळ्यांचं मिळून एक मॉड्युलाय स्पेस बनतं, म्हणजे बंडल्सचा जणू नकाशा. हे अवकाश म्हणजे नेमकी तीन मितींची प्रोजेक्टिव्ह स्पेस आहे, हे एम. एस. नरसिंहन आणि एस. रामनन यांनी १९६९ मध्ये दाखवलं. दोघेही कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमधले. फिजिक्सशी तेव्हा काही देणंघेणं नव्हतं.

१९८८ मध्ये एरिक व्हर्लिंडे या डच भौतिकशास्त्रज्ञाने कन्फॉर्मल फील्ड थिअरीतून एक सूत्र काढलं. गणिताच्या भाषेत ते अशा मॉड्युलाय स्पेसवरच्या लाइन बंडलला (रँक १ च्या बंडलला) एकमेकांपासून स्वतंत्र अशी किती सेक्शन्स आहेत, म्हणजे प्रत्येक बिंदूवर एकेक व्हेक्टर निवडणारी किती फलनं आहेत, ते सांगतं. सूत्रात एक ‘लेव्हल’ असते. तिच्यात दोन मिळवून येणाऱ्या संख्येला न म्हणू. दोन भोकांसाठी १८० अंशांचे न समान भाग करायचे, मधल्या प्रत्येक कोनाच्या साइनचा वर्ग घेऊन त्याचा व्यस्त काढायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि न भागिले दोनने गुणायचं. लेव्हल २ घ्या. न म्हणजे ४. कोन ४५, ९०, १३५. व्यस्त येतात २, १, २. बेरीज ५, गुणिले २, उत्तर १०.

आता भूमितीच्या बाजूने या. तीन मितींच्या प्रोजेक्टिव्ह स्पेसवर लेव्हल २ ची सेक्शन्स म्हणजे चार चलांतल्या द्विघाती राशी. वर्गाची पदं चार, दोन वेगवेगळ्या चलांच्या गुणाकाराची सहा. एकूण १०.

इथपर्यंत विद्यार्थी फारसे हलत नाहीत. योगायोग असेल म्हणतात. मग तीन भोकं घ्यायला सांगते. सूत्रात फरक एवढाच, की बेरजेतल्या प्रत्येक पदाचा वर्ग करायचा आणि बाहेरच्या गुणकाचाही. लेव्हल ४ घेतली तर न म्हणजे ६, कोन ३०, ६०, ९०, १२०, १५०. साइनच्या चौथ्या घाताचे व्यस्त १६, १६/९, १, १६/९, १६. बाहेरचा गुणक ९. गुणून घ्या: १४४, १६, ९, १६, १४४. बेरीज ३२९.

भूमितीत काय आहे? तीन भोकांचा सर्वसाधारण पृष्ठभाग घेतला, म्हणजे हायपरएलिप्टिक नसलेला, तर त्याचं मॉड्युलाय स्पेस सात मितींच्या प्रोजेक्टिव्ह स्पेसमध्ये एका चतुर्घाती समीकरणाने कापलं जातं. हेही नरसिंहन-रामनन यांचंच. आठ चलांतल्या चतुर्घाती राशी असतात ३३०. त्यातली एक, म्हणजे ते समीकरण स्वतः, या अवकाशावर शून्य होते. उरल्या ३२९.

हा एक कमी झालेला आकडा बघून मी पहिल्यांदा खुर्चीवरून उठले होते, हे आजही आठवतं. त्या सूत्राला चतुर्घाती समीकरणाचा पत्ता नाही. त्याने फक्त साइनची बेरीज केली. तरी ३३० न येता ३२९ आले. असं काही डोळ्यासमोर घडलं की ‘हे गणित आहे का?’ हा प्रश्न मला तरी विचारवत नाही. दोन वाटांनी आलेली माणसं एकाच देवळापाशी भेटली, तर निदान देऊळ खरं आहे एवढं मानायला हरकत नाही. सूत्राच्या सिद्धता १९९० च्या दशकात आल्या, एकाहून जास्त गटांकडून, आणि त्यात टाटा इन्स्टिट्यूटची मंडळी ठळकपणे होती. नरसिंहन यांनी टी. आर. रामदास यांच्याबरोबर आणि नंतर श्रवण कुमार व ए. रामनाथन यांच्याबरोबर यावर काम केलं. या सिद्धता करताना जी भूमिती उभी राहिली, ती सूत्रापेक्षा मोठी ठरली.

याचा अर्थ फिजिक्सवाले नेहमी बरोबर असतात असा नाही, आणि गणितवालेही नसतात. १९९१ ची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, पण बहुतेक ती अर्धीच सांगतात.

पाचव्या घाताच्या एका समीकरणाने बनणारं तीन मितींचं एक अवकाश आहे, क्विंटिक. त्याच्यावर सरळ रेषा किती? २८७५, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत. दुसऱ्या घाताचे वक्र किती? ६,०९,२५०, हे शेल्डन कॅट्झ यांनी १९८६ मध्ये काढलं. तिसऱ्या घाताचे काढायला गायर एलिंग्सरुड आणि स्टाइन आरिल्ड स्ट्रोम्मे हे नॉर्वेचे दोन भूमितिज्ञ कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहून बसले आणि त्यांना २,६८,२५,४९,४२५ असं उत्तर मिळालं. त्याच सुमारास फिलिप कँडेलास आणि त्यांचे तीन सहकारी यांनी मिरर सिमेट्री नावाच्या स्ट्रिंग थिअरीतल्या कल्पनेवरून एकदम सगळ्या घातांची उत्तरं देणारी रीत काढली. तिच्यातून तिसऱ्या घाताला ३१,७२,०६,३७५ आले. आकडे जवळपाससुद्धा नाहीत. मे १९९१ मध्ये बर्कलीला दोन्ही जमाती एकत्र बसल्या, तेव्हा बहुतेक भूमितिज्ञांना चूक फिजिक्सची असणार असंच वाटत होतं. वाटणारच, एका बाजूला सिद्धता होती, दुसऱ्या बाजूला आरशाची उपमा. जुलैत नॉर्वेच्या दोघांना आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली. ती दुरुस्त केल्यावर उत्तर आलं ३१,७२,०६,३७५.

गोष्ट सहसा इथे थांबते आणि टाळ्या फिजिक्सला मिळतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. नॉर्वेच्या दोघांनी तो आकडा काढलाच नसता, तर कँडेलास यांचा आकडा हवेतच लोंबकळत राहिला असता. आणि कँडेलास यांचा नसता, तर प्रोग्रॅममधली चूक कोणी शोधली असती? कोणी नाही, शंका यायला कारणच नव्हतं. दोघांनी एकमेकांच्या ओंजळीने पाणी न पिता स्वतंत्रपणे तोच आकडा काढायचा प्रयत्न केला, म्हणून हे सहकार्य झालं. सिद्धता १९९६-९७ मध्ये आल्या, अलेक्झांडर गिव्हेंताल यांची आणि लिअन-लिऊ-याउ या तिघांची.

म्हणून माझा एकच निकष आहे, आणि तो मी दोन प्रकल्प बुडवून शिकले. तुमच्या त्या गटाला विचारा: अशी एक तरी संख्या आहे का, जी तुम्ही तुमच्या रीतीने काढाल आणि मी माझ्या रीतीने, आणि मधे एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही? असेल तर काम घ्या, मग ती कितीही क्षुल्लक असो. नसेल तर नम्रपणे चहा पिऊन परत या. माझे जे दोन प्रकल्प बुडाले, त्यांत अशी संख्या नव्हती. कल्पना सुंदर होत्या, व्याख्यानं रंगायची, आणि वर्षभराने लक्षात आलं की चुकलो तर कसं कळणार, हेच ठरलेलं नाही.

आता शब्दांचा मामला, कारण संख्या ठरली तरी पहिले काही महिने त्यातच जातात.

सी. एन. यांग या भौतिकशास्त्रज्ञाने रॉबर्ट मिल्स यांच्याबरोबर १९५४ मध्ये गेज फील्डचं, म्हणजे कणांमधली बलं वाहणाऱ्या क्षेत्राचं, समीकरण लिहिलं. पुढे जनरल रिलेटिव्हिटी शिकवताना यांगना दिसलं की आपलं सूत्र आणि रीमानच्या वक्रतेचं सूत्र एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. न्यूयॉर्क राज्यात स्टोनी ब्रूकला त्यांच्या शेजारच्या गणित विभागाचे प्रमुख होते जिम सायमन्स. (हो, तेच, नंतर शेअर बाजारात अब्जावधी कमावणारे.) त्यांनी सांगितलं की दोन्ही फायबर बंडलवरची कनेक्शन्स (एका बिंदूवरून दुसऱ्यावर जायचे नियम) आहेत, आणि एक प्रमाण पुस्तक हातात दिलं. यांगना त्यातून काही उमगलं नाही. नोबेल मिळवलेल्या माणसाला! म्हणजे बैठकीत तुम्हाला काही कळलं नाही म्हणून लाजण्याचं कारण नाही. शेवटी १९७५ मध्ये सायमन्स यांनी फिजिक्सवाल्यांना दुपारच्या जेवणाच्या वेळात व्याख्यानांची मालिका दिली. त्याच वर्षी यांग आणि ताइ त्सुन वू यांच्या पेपरात चक्क एक शब्दकोश छापला गेला. डावीकडे गेज फील्डचे शब्द, उजवीकडे बंडलचे. गेज पोटेन्शियलसमोर कनेक्शन, फील्ड स्ट्रेंग्थसमोर वक्रता. एका ओळीत डावीकडे ‘सोर्स’ आणि उजवीकडे फक्त प्रश्नचिन्ह.

ते प्रश्नचिन्ह मला त्या पेपरातली सगळ्यात कामाची ओळ वाटते. फिजिक्समध्ये सोर्स ही रोजची वस्तू, आणि गणितवाल्यांनी तिला कधी नावच दिलं नव्हतं, कारण त्यांनी ते समीकरण कधी विचारात घेतलं नव्हतं. तो शब्दकोश इसाडोर सिंगर ऑक्सफर्डला घेऊन गेले, मायकल अटिया आणि नायजेल हिचिन यांनी त्यावर काम धरलं, १९७८ मध्ये अटिया, ड्रिनफेल्ड, हिचिन, मानिन यांनी इन्स्टंटॉन नावाची सगळी उत्तरं लिहून काढली, आणि काही वर्षांत सायमन डोनाल्डसन या अटियांच्या विद्यार्थ्याने त्याच समीकरणांनी चार मितींच्या टोपोलॉजीचं चित्र पालटलं. डोनाल्डसन तेव्हा पीएचडी करत होते. तुमच्याच वयाचे.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक वही घाला. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे तुमचा, आणि कळलं नाही तिथे न लाजता प्रश्नचिन्ह. क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीही लिहा. त्यांच्या ली अल्जिब्रातले जनरेटर हर्मिशियन असतात, तुमचे अँटी-हर्मिशियन, म्हणून जिथे तिथे एक आय (उणे एकचं वर्गमूळ) कमी किंवा जास्त. इनर प्रॉडक्ट ते दुसऱ्या जागी लिनिअर धरतात, तुम्ही बहुधा पहिल्या. त्यांचा तारा म्हणजे काँप्लेक्स कॉन्जुगेट, तुमचा तारा म्हणजे अ‍ॅडजॉइंट. ‘जनरिक’, ‘लोकल’, ‘थिअरी’ हे शब्द तर दोन्हीकडे आहेत आणि अर्थ वेगळे. हे सगळ्यात घातक, कारण इथे आपण अडखळतच नाही.

माझा अनुभव सांगते. एका प्रकल्पात आम्ही फ्लॅट, म्हणजे शून्य वक्रतेची, कनेक्शन्स मोजत होतो. माझं उत्तर आलं ६, माझ्या सहकाऱ्याचं ३. चार महिने दोघंही एकमेकांच्या गणितात चूक शोधत होतो. तो माझ्या सिद्धतेतली गृहीतकं उलटीपालटी करून बघायचा, मी त्याच्या पाथ इंटिग्रलची (तुमच्या फळ्यावरचं त्याच जातीचं) टिंगल करायचे. शेवटी एका संध्याकाळी कँटीनमध्ये त्याने सहज विचारलं, ‘तू प्रत्येकाला सममितींनी भागतेस ना?’ मी भागत नव्हते. माझ्यासाठी मोजणं म्हणजे एक, दोन, तीन. त्याचं इंटिग्रल आपोआप प्रत्येक वस्तूला तिच्या सममितींच्या संख्येने भागतं, आणि इथे प्रत्येकाला दोन सममिती होत्या, अधिक एक आणि उणे एक. सहा भागिले दोन, तीन. दोघांपैकी कोणीच चुकलं नव्हतं. वहीत ‘मोजणे’ या शब्दासमोर ओळच नव्हती, कारण हा शब्द समजावून सांगायला लागेल असं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता एक उलटं उदाहरण, जिथे कामाची वाटणी फारच स्वच्छ होती. १९१२ मध्ये आइनस्टाइन झुरिकला परतले, गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतावर गाडं अडलेलं. वर्गमित्र मार्सेल ग्रोसमन तिथेच गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी रिची आणि लेव्ही-चिविता यांचं टेन्सरचं गणित शोधून दिलं. मदत करायला ते लगेच तयार झाले, पण भौतिक विधानांची जबाबदारी माझी नाही या अटीवर. हे आइनस्टाइन यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. १९१३ चा त्यांचा संयुक्त लेख अक्षरशः दोन भागांत आहे, भौतिक भाग आइनस्टाइन यांच्या सहीचा आणि गणिती भाग ग्रोसमन यांच्या सहीचा. शेतात बांध घालावा तसा.

आणि चूक नेमकी त्या बांधावर झाली. रिची टेन्सर त्यांच्या हातात होता. तो वापरायचा नाही असं ठरलं, कारण क्षीण, स्थिर क्षेत्रात त्यातून न्यूटनचं समीकरण मिळत नाही असं त्यांना वाटलं. हा नकार छापला गेला गणिती भागात. पण त्याच्या मुळाशी होती एक भौतिक समजूत, की अशा क्षेत्रात मेट्रिकचा (अंतर मोजणाऱ्या टेन्सरचा) एकच घटक बदलतो आणि अवकाश सपाट राहतं. ही समजूत तपासणं आपलं काम आहे असं ग्रोसमनना वाटण्याचं कारण नव्हतं, आणि आइनस्टाइनना तो गणिताने दिलेला निकाल वाटला असावा. त्यांनी मिशेल बेसो यांच्याबरोबर त्याच वर्षी नव्या समीकरणांतून बुधाच्या कक्षेचं सरकणं काढून बघितलं: शतकाला कोनाचे १८ सेकंद आले, हवे होते ४३. म्हणजे तपासायची संख्याही समोर होती. तरी समीकरणं टाकून द्यायला नोव्हेंबर १९१५ उजाडला. ग्रोसमन यांच्यावर टीका करायचा माझा हेतू नाही. त्यांच्याशिवाय आइनस्टाइन त्या दिशेला वळलेच नसते. पण ‘गणित माझं, फिजिक्स तुमचं’ अशी वाटणी कोणी प्रेमाने सुचवली तरी घेऊ नका. त्यांचं प्रत्येक गृहीतक तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

कारकून होण्याच्या शंकेचं उत्तर यातच बरंचसं आलं, तरी एक भर घालते. फिजिक्स पुढे आणि गणित मागून सिद्धता घेऊन धावतंय, हे चित्र गेल्या काही दशकांत पसरलंय, पण ते एकाच दिशेचं आहे. विजयकुमार पटोदी यांचं नाव तुम्ही इंडेक्स थिअरमच्या (समीकरणाच्या उत्तरांची संख्या अवकाशाच्या आकाराशी जोडणाऱ्या प्रमेयाच्या) अभ्यासात वाचलं असेल. मध्य प्रदेशातल्या गुना गावचा मुलगा, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आला. मॅक्कीन आणि सिंगर यांनी १९६७ मध्ये विचारलं होतं की उष्णतेच्या समीकरणातून येणारी सगळी भयानक पदं चमत्कार झाल्यासारखी आपसांत कटतात का? पटोदींनी १९७१ मध्ये बीजगणिताच्या जोरावर ती कापून दाखवली. पदं कटतात हे दिसलं, पण का कटतात याला सहजपणा नव्हता. तो आला बारा वर्षांनी, फिजिक्सकडून: सुपरसिमेट्रीच्या, म्हणजे दोन जातींच्या कणांना जोडणाऱ्या सममितीच्या, भाषेत ते कटणं जवळपास अपेक्षितच असतं, आणि त्या प्रेरणेने एझ्रा गेट्झलर यांनी छोटी सिद्धता दिली. म्हणजे इथे प्रमेय गणिताने आधी सिद्ध केलं आणि समजूत मागून फिजिक्सने दिली. पटोदींनी अटिया आणि सिंगर यांच्याबरोबर १९७५-७६ मध्ये लिहिलेले कडा असलेल्या मॅनिफोल्डवरचे पेपर आज टोपोलॉजिकल इन्शुलेटरवर (आतून वीज न वाहू देणाऱ्या, पण कडेने वाहू देणाऱ्या पदार्थांवर) काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ उघडून बसतात. हे बघायला पटोदी नव्हते. मूत्रपिंडाच्या आजाराने १९७६ मध्ये गेले, वय ३१.

तसंच नरसिंहन-रामनन यांचं १९६१ चं युनिव्हर्सल कनेक्शन्सवरचं काम. निव्वळ भूमिती. चर्न आणि सायमन्स यांच्या १९७४ च्या पेपरात ते वापरलं गेलं, आणि त्या पेपरातल्या राशीवर १९८९ मध्ये एडवर्ड विटेन यांनी गाठींच्या जोन्स पॉलिनोमियलचा (गाठी वेगळ्या ओळखायला मदत करणाऱ्या बहुपदीचा) क्वांटम सिद्धांत उभा केला. तो पाथ इंटिग्रलने लिहिलेला आहे, तुम्ही फळ्यावर पाहिलात त्याच जातीच्या. त्याला अजूनही सरळ व्याख्या नाही, पण त्यातून येणाऱ्या संख्या रेशेतिखिन आणि तुराएव यांनी वेगळ्या, चोख वाटेने मिळवून दाखवल्या. तेव्हा पुढच्या बैठकीत ‘हे इंटिग्रल अस्तित्वात आहे का?’ असं विचारू नका. ‘या इंटिग्रलकडून तुम्ही कोणकोणते गुणधर्म वापरताय?’ असं विचारा. यादी मिळेल. बहुधा तीन-चारच निघतील. मग ते गुणधर्म गृहीतकं म्हणून लिहायचे आणि त्यांच्यावर तुमचं गणित उभं करायचं. एवढं काम कारकुनाला येत नाही.

उरला पेपर. गणितात नावं वर्णानुक्रमाने येतात, कोणी किती केलं ते विचारत नाहीत. आडनाव आपटे असेल तर जन्मभर पहिलं, वाघ असेल तर जन्मभर शेवटी. हाय एनर्जी थिअरीतही बहुतेक तीच पद्धत आहे. कंडेन्स्ड मॅटरवाल्यांकडे मात्र पहिलं नाव ज्याने जास्त राबून काम केलं त्याचं, आणि तिथे वर्णानुक्रमाने मागे पडलेलं नाव ‘मदतनीस’ असं वाचलं जाऊ शकतं. काम सुरू व्हायच्या आधी हे बोलून घ्या, संकोच वाटला तरी. माझं ज्या सहकाऱ्याशी बोलणं बंद झालं, ते यावरूनच. भाऊबंदकीला बांधाचा हातभर तुकडा पुरतो.

हार्डी आणि लिटलवुड यांनी एकत्र काम करताना जे नियम पाळले असं सांगतात, ते हाराल्ड बोर यांच्यामार्फत आपल्यापर्यंत आलेत. (हे नील्स बोर यांचे धाकटे भाऊ, गणितज्ञ.) त्यातला पहिला असा, की एकाने दुसऱ्याला लिहिलेलं बरोबर आहे की चूक याला काही महत्त्व नाही. फिजिक्सवाल्यांबरोबर हा नियम सोन्यासारखा आहे, कारण ते मुळातच चुकीचं बोलायला घाबरत नाहीत आणि आपण घाबरतो. दुसरा नियम, आलेलं पत्र वाचायचंही बंधन नाही. तो मात्र पाळू नका; हार्डी-लिटलवुड एकाच भाषेत बोलत होते.

वेग दोन्हीकडे वेगळा असतो, त्याची तयारी ठेवा. त्यांचा पेपर दोन महिन्यांत अर्काइव्हवर (पेपर ऑनलाइन टाकायच्या साठ्यावर) जाईल, तुमचा सिद्धतेसह वर्षभराने आणि रेफ्रीकडे आणखी वर्ष. आम्ही बहुतेक वेळा दोन पेपर केले. पहिला त्यांच्या नियतकालिकासाठी, संख्या आणि युक्तिवाद मांडणारा. त्यात जे सिद्ध नाही ते सिद्ध नाही असं स्पष्ट लिहायचं, ही माझी अट असे. दुसरा गणिताचा, प्रमेयांसह. दोन्हीवर दोघांची नावं. पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी दुसरा पेपर जास्त मोलाचा, कारण प्रबंधात तोच टिकतो.

जाता जाता, प्रबंधात सहलेखकांबरोबरचं काम कसं धरतात ते विद्यापीठाच्या पीएचडी विभागात आत्ताच विचारून घ्या. काही ठिकाणी सहलेखकांकडून तुमच्या वाट्याचं पत्र लागतं, आणि ते तीन वर्षांनी, पोस्टडॉकला परदेशी गेलेल्या माणसाकडून मिळवणं कटकटीचं असतं. आणि वरचं सूत्र लेव्हल ३ साठी करून बघा. दोन भोकांना २० आणि तीन भोकांना १२० यायला हवेत. कोन ३६ च्या पटीत आहेत, त्यामुळे वर्गमुळात पाच येईल, पण शेवटी ते जातं. अडलात तर इथेच विचारा.